आत्याबाईनं बघितलेली पिशवी

माझं आपरेशन झालं तवा मी शुद्धीत नव्हते, म्हनून काढलेलं काय ते मला कुणी दाखवलं न्हाई. ते आत्याबाईला दाखवलं. आत्याबाई म्हंजी माझी सासू. दवाखान्यात तशी रीतच हाय, काढलेलं बाहेर आणून नातेवाईकाला दाखवतेत, मागून कुणी बोलू नये म्हनून. आमचे हे रक्ताची पिशवी आणायला पळालते. नर्सबाईनं ट्रेमधी लाल-काळं काहीतरी आणलं, आत्याबाईनं बघितलं, पदर तोंडाला लावला, अन् हदगावच्या गाडीनं गावात येऊन सांगितलं, सुनेची पिशवी काढली.

पिशवी काढलीच नव्हती. पोरीच्या पाठचं लेकरू पिशवीत न बसता नळीतच अडकलं व्हतं, अन् नळी फुटली. मी शेतात सोयाबीन काढून राहिलते, तितंच खाली बसले. नांदेडला नेईपर्यंत माझे हातपाय गार पडलते. मोठी पोरगी घरी शेजारनीकडं, मला एकच दिसायचं, तिची वेणी कोण घालंल.

सकाळी डाक्टरीण बाई आली. तिनं मूठ वळून दाखवली, ही तुझी पिशवी, अन् दोन्ही बाजूला बोटं धरली, या नळ्या. उजवी नळी अन् तिच्याजवळचं अंडाशय गेलं, बाकी समदं जागेवर हाय म्हन्ली. तुला परत दिवस जाऊ शकतेत. पण पाळी चुकली की उशीर करू नको, लगेच ये, लेकरू कुठं बसलंय ते बघावं लागतंय.

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. आत्याबाई भाकरी थापून राहिलत्या. त्या म्हन्ल्या, "एका पखानं पाखरू उडतंय का गं? अन् मी काय आंधळी हाय? माझ्या डोळ्यानं बघितलं मी." यांना सांगितलं तर हे म्हन्ले, आईनं बघितलंय, डाक्टर काय, मनाला बरं वाटावं म्हनून बोलतेत.

पाळी यायची तरी आत्याबाई म्हनायच्या, ते जखमेचं रक्त हाय, पडून जाऊ दे. समदा गाव एकच म्हनायला लागला तवा मलाबी डाक्टरीण बाईचं खरं वाटंना. मी नववीपर्यंत शिकलेली, पण शाळेत बाईच्या पिशवीच्या चित्राचं पान आलं की सर म्हन्ले, घरी वाचा, अन् पुढचा धडा घेतला. घरी कोण वाचतंय.

जावेचं डोहाळजेवण झालं, तवा एकेक बाई तिची ओटी भरून राहिली, अन् मला आत चुलीपाशी पुऱ्या तळायला बसवलं. पोरगी आत येऊन म्हन्ली, आई, तू कामून काकूची ओटी भरंना? मी म्हन्लं, पुऱ्या करपतेत बाळा.

मग पाळी चुकली. नांदेडला जायचं म्हन्लं मी, लगेच ये म्हन्लीय ती. आत्याबाई म्हन्ल्या, पिशवीच न्हाई तर लेकरू राहील कुठं, घाण रक्त तुंबलंय, गाठ होईल, ते पाडलं पायजे. त्यांनी गाजराचं बी अन् जुना गूळ उकळून काढा केला. वाईट मनानं न्हाई, फुकून फुकून गार करून दिला. मी पिले. रोज पिले. तोंडाला ती चव अजून येतीय.

बाजाराच्या दिवशी अंगावरनं रक्त गेलं, लई गेलं. परत तेच नांदेड, तीच कॉट. डाक्टरीण बाईनं मशीन लावून बघितलं. मग म्हन्ली, "बरोबर पिशवीतच बसलं व्हतं गं."

मी काढ्याचं इचारलं. ती म्हन्ली, त्यानंच गेलं असं मला सांगता यायचं न्हाई, बऱ्याचदा आपोआपबी जातंय. आत्याबाई दाराला टेकून उभ्या व्हत्या. त्यांनी इचारलं, मग मी त्या ट्रेमधी काय बघितलं? डाक्टरीण बाईनं त्यांनाबी मूठ वळून दाखवली, बोटं धरली. आत्याबाईनं आपली मूठ वळली, त्या मुठीकडंच बघत राहिल्या. गाडीत घरी येईपर्यंत त्यांची मूठ तशीच मांडीवर व्हती.

त्यावर आम्ही दोघी कधी बोललो न्हाई. गाजराच्या बियाची पुडी फळीवरून गेली, कुठं गेली मी इचारलं न्हाई.

आता परत पाळी चुकलीय. या खेपेला यांच्या आधी मी आत्याबाईला सांगितलं. त्या निवडत व्हत्या त्या डाळीत हात तसाच ठेवून बसल्या. मग उठल्या, माझी पिशवी, म्हंजी कापडाची, खुंटीवरून काढली, तिच्यात माझं एक लुगडं घातलं अन् म्हन्ल्या, "सकाळच्या गाडीनं जाऊ. मी येते."

सकाळी डाक्टरीण बाई मशीन लावंल. लेकरू नळीत असंल तर दुसरीबी नळी जाईल, पिशवीत असंल तर... पुढचं मी मनातबी म्हनत न्हाई. पोरीची वेणी आजच घालून ठेवली, घट्ट, उद्या दिवसभर टिकंल अशी.