वाचणाऱ्याचा घसा

"आवाज बसून किती दिवस झाले?" बेळगावच्या डॉक्टरांनी विचारलं.

"पाच महिने," मी म्हणाले. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

नाकातून बारीक कॅमेरा घालून त्यांनी ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, घसा बघितला होता. त्याला लॅरिंजोस्कोपी म्हणतात. स्वरयंत्रावर गाठ दिसली. मग बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस लागले. ते कसे काढले ते माझं मला माहीत. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला.

तुम्ही म्हणाल, पाच महिने ही बाई झोपली होती काय? झोपले नव्हते बाई, मिरवत होते.

आमचं गाव कर्नाटकात, रामनगरच्या जवळ. उन्हाळ्यात भाताची शेतं रिकामी असतात, काजूच्या बिया वेचून झाल्या की दुपारी हाताला काम नसतं. मग फणसाखाली चटया पडायच्या आणि हे मोठ्यानं वाचायचे. राग कसा आवरावा, मन कसं सांभाळावं, दारू कशी सोडावी, असली पुस्तकं. दहा-पंधरा माणसं ऐकायला बसायची. एकानं तर खरंच दारू सोडली. रस्त्यावरून ट्रक गेला तरी ह्यांचं वाचन शेवटच्या चटईपर्यंत ऐकू जायचं.

मागच्या उन्हाळ्यात तो आवाज बसला. आमच्याकडं वाचणाऱ्याचा घसा बसला की त्याचा मान वाढतो. माणसानं जीव लावून वाचलं असं लोक धरतात. शेजारच्या सुभद्राक्का रोज मिरीचा काढा द्यायच्या, मी ज्येष्ठमध उगाळायची आणि येईल त्याला सांगायची, "गावासाठी घसा फोडून घेतलाय ह्यांनी." पाऊस लागला, वाचन बंद झालं, तरी आवाज परत आला नाही. तेव्हा तरी मला अक्कल यायची! मी आणखी ज्येष्ठमध उगाळला.

डॉक्टर रागावले नाहीत. "ताई, तीन आठवडे झाले तरी आवाज सुधारत नाही म्हटल्यावर दाखवायचं असतं. लवकर आला असता तर कदाचित किरणांच्या उपचारावर भागलं असतं." तुमच्या घरात कुणाचा घसा असा बसला असेल तर हे वाक्य लक्षात ठेवा. बाकी मी लिहिलेलं विसरलात तरी चालेल.

आता टोटल लॅरिंजेक्टॉमी करायची होती. म्हणजे स्वरयंत्र सगळंच काढायचं आणि गळ्याला भोक ठेवायचं, श्वास तिथून. "जीव वाचेल अशी आशा आहे," डॉक्टर म्हणाले. "आवाज मात्र जाईल."

बाहेर बाकावर बसून हे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आवाज न्हाई म्हंजे मी गेल्यात जमा."

"मला तुमी पायजे," मी म्हणाले. "मुके असला तरी पायजे." आजूबाजूची माणसं बघत होती. बघू देत. तासाभरानं ह्यांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचर दारापाशी थांबलं. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील. हे म्हणाले, "सुभद्राक्काला फोन कर. काल कोंबड्या झाकल्या व्हत्या काय इचार." तेवढंच. त्यानंतर ह्यांचा आवाज मी ऐकलेला नाही.

घरी आल्यावर गळ्यावर ओलं फडकं बांधायचं, कफ काढायचा, हे सगळं दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी मला न कंटाळता शिकवलं होतं. त्यांचं भलं होवो. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळतं. ह्यांनी एकदा लावलं, स्वतःची घरघर ऐकली आणि कपाटात टाकलं.

यंदाच्या उन्हाळ्यात माणसं सवयीनं फणसाखाली आली, उन्हाचं बोलली आणि उठून गेली. हे आत भिंतीकडं तोंड करून पडलेले. जेवण टाकायला लागले. जगायचंच सोडतायत, हे मला दिसत होतं. शेवटी मीच पुस्तक घेऊन चटईवर बसले.

आता माझी गोष्ट ऐका. माझं माहेर हल्याळ बाजूचं. घरात मराठी, शाळा कानडी. मराठी वाचायचं म्हणजे मला एकेक अक्षर लावत जावं लागतं. सुभद्राक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी "मनःशांती"वर तीनदा अडखळले, तशी आतून टाळी वाजली. चुकलं, म्हणून. हे उठून दारात आले होते. पुढच्या ओळीला पुन्हा टाळी. मग पुन्हा. माझं डोकंच फिरलं.

"एवढं येतंय तर तुमीच वाचा की!" मी ओरडले.

बोलून गेले आणि जीभ हासडून टाकावीशी वाटली. माझी ह्यांच्याकडं बघायची हिंमत होईना.

बघितलं तेव्हा ह्यांचे खांदे हलत होते. वाटलं, रडतायत. पण हे हसत होते. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. गळ्यावरचं फडकं फडफडत होतं आणि आवाज काहीच नव्हता. बोलणं जाणार, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ह्यांचं हसूही मला पुन्हा ऐकू येणार नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी चारचौघांत रडले. हे येऊन शेजारी बसले, पुस्तक माझ्या मांडीवर सरळ केलं आणि चुकलेल्या शब्दावर बोट ठेवलं. मी तो शब्द पुन्हा वाचला.