पाळकसाहेबांच्या चपला

परवा नव्या चामड्याचा वास आला आणि मी थेट मिरजेतल्या चर्चच्या पायरीवर पोचलो. साल एकाहत्तर. दारूपायी तिथल्या चपला पळवायला गेलेला मी हुशार चोर, घाईत नेमक्या पाळकसाहेबांच्याच नव्या, करकरणाऱ्या चपला घालून बसलो. चार पावलांतच टाचा सोलल्या. मी लंगडतोय तोवर ते अनवाणीच बाहेर आले.

“चावत्यात व्हय रं? मलाबी चावत्यात. आत येऊन बस.”

“आवं, मी लय पापी माणूस हाय. दारू सुटत न्हाई.”

“मग येशू काय चांगल्या माणसांसाठी आला व्हय, गड्या?”

दारू सुटायला पुढं दोन वर्षं लागली. कधी मी झिंगत गेलो, कधी रडत. “सुटली का?” असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. दर रविवारी म्हणायचे, “आलास? बस.”