शेवटचा रकाना

हेडमिस्ट्रेसनी माझी लेसन प्लॅनची वही दोन बोटांत धरली. ओलं पोतेरं धरावं तशी. भरल्या स्टाफरूममध्ये इंग्रजीत म्हणाल्या, "मिस, ही शाळा आहे. तुमच्या वडिलांचं चिकपेटातलं शिलाईचं दुकान नाही."

सगळ्या हसल्या. विज्ञानाच्या बाई कानडी मिसळून म्हणाल्या, "अक्का, स्वल्प माझ्या ब्लाउजचंही माप घ्या की!"

मी खाली बघत राहिले. बंगळूर, १९९३. नोकरीचं पहिलं वर्ष. मीही इंग्रजी शाळेतच शिकलेली. उत्तर त्याच इंग्रजीत तयार होतं. वही परत घेतली.

चौथीला अपूर्णांक शिकवायचे होते. अप्पांच्या दुकानातल्या चिंध्या मुलांनी टेपने मोजायच्या, अर्ध्यात, पावात कापायच्या, जोडून बघायच्या. अभ्यासक्रमातलं एकेक उद्दिष्ट समोर ठेवून आखलं होतं. चार संध्याकाळी गेल्या. त्यावर लाल रेघ. "जुनी वही उतरवून काढा."

जुनी वही एका निवृत्त बाईंची. सगळ्या दरवर्षी तीच उतरवायच्या. मीही उतरवली. कायम व्हायचं होतं. शेवटचा रकाना 'फलित'. पाठ सोमवारी, पण रकाना शनिवारीच भरायचा: 'सर्व मुलांना समजले.' शिकवायच्या आधीच! वर सही, शिक्का. किळस आली. त्यांची नंतर. आधी माझ्या अक्षराची. फार सुबक आलं होतं.

सोमवारी वहीबरहुकूम शिकवलं. "समजलं?" "यस मिस!" सगळे एका सुरात. मग मागच्या बाकावरची सरोजा म्हणाली, "पाव अर्ध्यापेक्षा मोठा. चार दोनपेक्षा मोठे ना, मिस?" वह्या बघितल्या. निम्म्या वर्गाने तेच लिहिलं होतं.

मी फलित खोडलं. लिहिलं, 'निम्म्या वर्गाला समजले नाही. मी शिकवले नाही, उतरवले.'

शनिवारी हेडमिस्ट्रेसनी बोलावलं. "हे पान फाडा. इन्स्पेक्टर यायचेत. कायम व्हायचंय ना?"

"नाही फाडणार, मॅडम."

"काय?"

"पान फाडणार नाही." मी वही मिटून काखेत घेतली.

सोमवारी चिंध्यांचं बोचकं घेऊन वर्गात गेले.

वर्षअखेरीला मला काढलं. त्यानंतर ज्या ज्या शाळेत शिकवलं, शेवटचा रकाना शनिवारी कोराच ठेवला. ज्यांना तो आधी भरून हवा असेल, त्यांनी दुसरी बाई बघावी.