राजीनाम्याआधीची यादी

ह्यांचा युनिफॉर्म भिजत घातला की ऑइलचा वास येतो आणि ती दुपार आठवते. चाकणची नोकरी सोडून पुनावळ्यात हार्डवेअरचं दुकान टाकायचं ठरलं होतं, पण कंपनीत अजून सांगितलं नव्हतं. मी रोजचं काहीबाही लिहिते त्या माझ्या वेबसाइटवर ‘राजीनाम्याआधीची कामं’ अशी यादी लिहिली. तिथलं सगळं आपोआप फेसबुकवर जाईल, अशी सोय मीच करून विसरले होते. साहेबांनी ती वाचून कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, “काय भाऊ, निघालात म्हणे?” हे गडबडून म्हणाले, “नाही हो, बायको काहीही लिहिते.” घरी आल्यावर बूटही न काढता मला म्हणाले, “राजीनामा तू दिलास, परत मला घ्यावा लागला.” दुकानाचा विषय ह्यांनी पुन्हा काढला नाही, आणि आता विचारायचं त्राण माझ्यातही उरलेलं नाही.