चाचांचा मेहमान

मंगळवारी सकाळी चाचा गेले. दुपारी दफन झालं. संध्याकाळी मी वाचनालय उघडलं.

महागावात त्यांना सगळे मोटारवाले चाचा म्हणत. शेतातल्या पंपाची जळालेली मोटार ते नवी तार गुंडाळून पुन्हा भरून देत. त्यांचं दुकान वाचनालयाला लागूनच. मोटार बिघडली की दोष शेतकऱ्याचा, हे ठरलेलं. "हिनं तुझं काय घोडं मारलं रे? रातदिन राबवतं बिचारीले. तुले असं राबवलं, तर तू बी जळशीन."

एकदा वीज नव्हती म्हणून ते माझ्याकडे येऊन बसले आणि जाताना एक पुस्तक घेऊन गेले. अमेरिकेतल्या एका गुलामाचं आत्मचरित्र, मराठीत आलेलं. हा माणूस चोरून वाचायला शिकला, मालकाच्या तावडीतून निसटला आणि पुढे इतरांना सोडवण्यासाठी गावोगाव बोलत फिरला. चाचा ते ओठ हलवत वाचत. मालकाचं प्रकरण चालू असलं की गिऱ्हाइकांची खैर नसे.

मुदत संपली, तशी मी पुस्तक मागायला गेले.

"कुठं ठेवसान?"

"कपाटात, चाचा."

"कुलूपवाल्या?"

आमची सगळी कपाटं कुलपात असत. किल्ल्या वाचनालयाच्या सचिवांच्या घरी. ते लग्नाला गेले, की वाचनालय उघडं आणि पुस्तकं बंद.

"मंग नाही देत. एवढ्या मुश्किलीनं सुटला थो माणूस, अन् मी त्याले पुन्हा कोंडू? गुनाह लागन मले."

तेव्हापासून दुरुस्त मोटारीबरोबर पुस्तकही गावोगाव जाऊ लागलं. "आठ दिवस ठेवून घे. मेहमान हाय. पहिले हात धू." ते एस.टी.नं फिरे. परत येई तेव्हा कधी हळदीचं बोट, कधी लोणच्याचं तेल. चाचा पान हुंगून म्हणत, "खातिरदारी झालेली दिसते."

मग तपासणी आली. पुस्तक कमी भरलं तर अनुदान अडकणार होतं, आणि माझा पगार त्यातूनच होई. मी चाचांना हात जोडले.

"आणतो. पण मी बाजूले बसीन."

धुतलेला कुर्ता घालून, पुस्तक मांडीवर घेऊन, ते जामीनदारासारखे बसले.

"हे एवढं तेलकट कसं?" तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"फिरतीवर असते, साहेब."

साहेबांनी पहिलं पान उघडलं. मग दुसरं. चहावर साय धरली. शेवटी ते हळूच म्हणाले, "मी यवतमाळला नेऊ का? पुढच्या फेरीला आणून देतो."

सचिवांना ठसका लागला.

"न्या की," चाचा म्हणाले. "पण तिथंबी कुलपात नका ठेवू." साहेब गेल्यावर माझ्याकडे वळले, "पाह्यलं, म्याडम? सरकारबी फितूर झालं!"

साहेबांनी शब्द पाळला. अनुदानही आलं. पुस्तक पुन्हा वाटेला लागलं. चाचा गेले तेव्हा ते फुलसावंगीत होतं. कोणाच्या घरी, ते चाचांनाच ठाऊक.

त्या संध्याकाळी मी सचिवांकडून किल्ल्या मागून घेतल्या. आता कपाटं उघडी असतात. कागद उडू नयेत म्हणून त्यांतलं एक कुलूप माझ्या टेबलावर ठेवलेलं आहे. पुस्तक अजून आलेलं नाही.