उतारावरची भागूबाई

मी जन्माची भित्री. पाल चुकचुकली तरी दचकायची, स्टेशनात इंजिनानं शिट्टी मारली की कानांत बोटं घालायची. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात आमच्या यांनी माझं नाव भागूबाई ठेवलं. यांचं नाव कान्होजी. आता माझं वय झालं, नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कुणी डोळे वटारत नाही. हे ग्वाल्हेरच्या रिसाल्यात दफेदार होते. बाप, आजा, सगळे घोड्यावरचे. भीती कशाशी खातात ते या माणसाला ठाऊक नाही, असं मी धरूनच चालले होते.

मग संस्थानं गेली, मध्यभारत झालं आणि रिसाला मोडला. यांची घोडी सोनकी कुठं गेली ते कुणी सांगितलं नाही, यांनीही विचारलं नाही. जेवताना नुसते ताटाकडे बघत बसायचे. घरात बसलेला दफेदार म्हणजे काय असतं ते मला विचारा. माझ्या प्रत्येक भांड्याची जागा यांनी बदलली.

पुढं नव्या सरकारनं गावाबाहेरची राखीव टेकडी सगळ्यांना खुली केली. शिकारीची जुनी वाट साफ केली. त्या एकाच वाटेनं फिरायला येणारे, लाकूडफाटा आणणाऱ्या बाया, बकऱ्या आणि सायकलवाले, सगळेच जायचे. रविवारी तर माणसं बायकापोरांसकट सायकली घेऊन वर चढायची. तिथं गस्तीला माणूस हवा होता. टेकडी ज्यांच्या ताब्यात आली ते बागखात्याचे साहेब यांना म्हणाले, "दफेदार, घोडा नाही, सायकल मिळेल. सोमवारी टेकडी चढून उतरून दाखवा, नोकरी तुमची." दुसरं काम कुठं दिसत नव्हतं. सोमवार हुकला असता तर हे पुन्हा ताटाकडे बघत बसले असते, आणि या खेपेला उठले नसते. मला त्याचीच धास्ती होती.

हे दाना ओलीतल्या आमच्या गल्लीत सायकल शिकले. डावीकडूनच चढायचे आणि चढण्याआधी सीटवर थोपटायचे. सपाटीवर झकास चालवायचे, ब्रेकसुद्धा नीट दाबायचे. पण उतार काही पाहिला नव्हता. म्हणून रविवारी सराव करायचं ठरलं. मला म्हणाले, "तू मागं कॅरियरवर बस. पद्मा पुढं दांडीवर." पद्मा आमची लेक, तेव्हा दुसरीत होती.

"आम्ही कशाला मरायला?" मी म्हटलं.

"मोकळं जनावर उतारावर उधळतं. पाठीवर ओझं असलं की धीरानं उतरतं."

हे सायकलीलाही लागू असेल, असं मला वाटलं. यांना घोड्यातलं कळत होतं आणि मला कशातलंच नाही, तर बोलणार काय.

वर जाताना सायकल ढकलतच नेली. माथ्यावर एक कुटुंब सतरंजी पसरून पेरू खात बसलं होतं, त्यांच्या दोन सायकली झाडाला टेकलेल्या. त्यांची पोरं तिसरी सायकल घेऊन खुशाल उतारावरून खाली जात होती आणि हसत परत येत होती. मला वाटलं, पोरं जातात तर आपल्याला काय होतंय. मी पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि बसले.

पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. मग वाट एकदम खाली गेली आणि सायकल सुटली. खडी चाकाखालून उडायला लागली. हे मागं रेलले, गुडघ्यांनी दांडी आवळली आणि दोन्ही मुठींनी हँडल छातीकडे ओढायला लागले. तोंडानं "हो, हो, बेटा" चाललेलं. मी मागून बघतेय, ब्रेक बोटांच्या पुढ्यात आणि बोटं काही तिकडे जाईनात. हा माणूस लगाम खेचत होता. ओरडावं तर आवाज फुटेना, तेव्हा मी यांच्या कमरेला जी नखं रोवली ती रोवलीच.

समोर बकऱ्या आणि त्यांच्यामागं डोक्यावर मोळ्या घेतलेल्या तीन बाया. बकरीवाला ओरडला, "ब्रेक दबाओ, ब्रेक!" यांनी हँडल आणखी जोरात ओढलं. मी डोळे मिटले. पुढं पद्मा आहे, आधी ती आपटणार, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात यांनी हँडल उजवीकडे, टेकडीच्या अंगाला वळवलं. बकऱ्यांची एक पाऊलवाट वर गेली होती, तिच्यावर सायकल चढली, दम लागल्यासारखी हळू झाली आणि बोरीच्या काट्यांत आडवी पडली. कोपरं खरचटली, माझा पदर फाटला. पद्माच्या केसांत काटे अडकले होते, बाकी ती धड होती. बेफाम घोड्याला अडवायचं नसतं, चढाला लावायचं असतं, हे यांनी मागाहून सांगितलं. त्या वेळी मला त्या शहाणपणाशी काही देणंघेणं नव्हतं. मी पोरीला चाचपत होते आणि यांना तोंडाला येईल ते बोलत होते.

हे खाली बसले होते आणि हात थरथरत होते. पद्मानं ते बघितलं. "आबा, तुम्हाला डर लगा क्या?"

"हो," हे म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द मी ऐकला नव्हता.

"सोनकीला माझ्याइतकाच जीव प्यारा होता," हे हळू आवाजात म्हणाले. "खोल दिसलं की ती आधी बुजायची. तिचं अंग थरथरलं की मला कळायचं, आता सांभाळायचं. तिच्या भरवशावर मी शूर होतो. या सायकलीला मेलीला भीतीच नाही. ही खड्ड्यातही तशीच जाईल." मग कमरेला हात लावला. तिथं माझ्या नखांचे वण होते. "तू ही नखं रोवलीस तेव्हा मला कळलं, आपण फार जोरात चाललोय. उद्या येशील?"

माझी पाचावर धारण बसली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पण ते ताट आठवलं.

सोमवारी पद्माला शेजारच्या लीलाताईंकडे ठेवलं आणि मी जीव मुठीत धरून कॅरियरवर बसले. साहेब खाली फाटकाशी उभे होते. उतार लागला, मी चिमटा काढला. यांनी ब्रेक दाबला. पुन्हा वेग आला, पुन्हा चिमटा. वळणावर खोल दिसलं तेव्हा तर मी कातडंच पिळलं. खाली पोचलो तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते माझ्या चिमट्यांनीच.

साहेब हसले. "दफेदार, गस्तीला बायकोला कशाला आणलं?"

फाटकाशी पाचपन्नास माणसं होती, त्यांत रिसाल्यातले जुने सोबती संभाजीरावही. काहीतरी थाप मारतील असं मला वाटलं. हे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मला उताराची भीती वाटते. हिला माझ्यापेक्षा जास्त वाटते. तिच्या भीतीवर मी ब्रेक दाबतो."

कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "इथं लोक पोरंबाळं घेऊन येतात. मला भिणाराच माणूस हवा." नोकरी लागली.

महिनाभर मी मागं बसले. मग यांची बोटं आपसूक ब्रेककडे जायला लागली आणि मी घरी राहिले. घरी राहून भीती कमी झाली म्हणता? दिवेलागणीला सायकलची घंटा ऐकू येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसायचा. हे यायचे, सायकल भिंतीला लावायचे, पाय धुवायचे आणि स्वैपाकघरात डोकावून कमरेवर हात चोळायचे.

"भागूबाई, आज वळणावर चिमटा फार जोरात काढलास."

म्हातारे होईस्तोवर हेच म्हणत राहिले. त्या टेकडीवर पुन्हा एकदाही पडले नाहीत.