सौम्य कडू

पहिल्याच घोटाला माझं तोंड वाकडं झालं. “कडू आहे,” मी म्हणालो.

कॉलेजात माझ्यासोबत पत्रकं वाटणारा सुहास आता बिअर चाखून गुण देतो. तो दचकला. “हळू बोल, बाबा! कडू नाही, हॉपी म्हणायचं; बिअरमध्ये हॉप्सची फुलं असतात ना, त्यावरून. संत्र्याची साल जाणवतेय ना?”

“कडुनिंब जाणवतोय.”

पाडव्याला आई कडुनिंब हातावर ठेवताना त्याला संत्रं म्हणत नाही. ‘कडू आहे, गिळ,’ म्हणते. कडू हा शब्द ज्यांना सोसत नाही, त्यांनी कडू पिण्याचा तोरा मिरवू नये. वर्तमानपत्रांतल्या ‘सौम्य लाठीमारा’विरुद्ध आम्ही दोघांनीच पत्रक काढलं होतं. ‘काठी सौम्य नसते’ हे त्यातलं वाक्य सुहासचं.

“बरं, ‘सौम्य कडू’ लिहू?” त्याने विचारलं.

मी ग्लास त्याच्यापुढे सरकवला आणि उठलो.